सशाच्या पायातला वायू

प्रयोगशाळेतल्या सशाच्या मागच्या पायावर मृणालिनीने बोट दाबलं, तसं कातडीखाली काहीतरी करकरलं. हाडात बसवलेला मॅग्नेशियमचा स्क्रू गंजत होता आणि त्यातून सुटलेला हायड्रोजन तिथे फुग्यासारखा साठला होता.

"सर, अकरापैकी सात सशांना हेच झालंय."

तिचे मार्गदर्शक सबनीस सर जेवणाचा डबा उघडत म्हणाले, "मग ते सात अहवालातून काढून टाक. पुढच्या महिन्यात हे स्क्रू माणसांत बसवायचेत."

आणि ते मटकीची उसळ चवीने खाऊ लागले. तीन वर्षं दर दिवाळीला ती याच माणसाच्या पाया पडली होती.

तिने अकराही ससे लिहून अहवाल थेट नैतिकता समितीकडे पाठवला. माणसांवरची चाचणी थांबली आणि तिची पीएचडीही.