आधीच लिहिलेला जबाब

“गाडी मी चालवत होतो,” ड्रायव्हरकाकांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि चष्मा सारखा केला. पुढचं ते ओठांतल्या ओठांत, ओळीखाली बोट धरून वाचू लागले.

हिरोच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या मॅडम समोर बसून घड्याळाकडे बघत होत्या. भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये पत्रकार परिषद रंगात आली होती आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर ती थेट दिसत होती. हिरोच्या मागे नव्या सिनेमाचं हे भलंमोठं पोस्टर: गुन्हा घडण्याआधीच ओळखणारा पोलीस अधिकारी. लोकांच्या लेखी हिरोही तसाच, देवमाणूस. दारूला शिवत नाही, नऊला झोपतो, गाडी सावकाश चालवतो. यातलं शेवटचं मॅडमना स्वतःला सुचलं होतं आणि त्याचं त्यांना भारी कौतुक होतं. काल संध्याकाळपर्यंत.

काल संध्याकाळी पार्टीतून झुलत बाहेर आलेल्या हिरोने काकांच्या हातातून किल्ली हिसकावली आणि चौथ्या वळणावर एका शिक्षिकेची स्कूटर उडवली. बाई अजून शुद्धीवर आल्या नव्हत्या.

“सही केली की पोलीस मला नेणार?” काकांनी विचारलं.

“दोन दिवस फार तर. वकील आपले आहेत, काका.” बोलताना मॅडमचा आवाज आपसूक खाली गेला. बाई दगावल्या तर दोन दिवसांची दोन वर्षं व्हायला वेळ लागणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःचीच शरम वाटली.

मॅडमच्या कामाची एक पद्धत होती. संकट यायच्या आधी त्याचा कागद तयार. हिरोने कुणाच्या थोबाडीत मारली तर, सेटवर शिवीगाळ केली तर, विमानात धिंगाणा घातला तर. अशी अकरा पत्रं त्यांच्या कम्प्युटरमध्ये जय्यत तयार असत. वेळ आली की जागा आणि माणसाचं नाव भरायचं, झालं. आज सकाळीही पाच मिनिटांत काम उरकलं होतं.

टीव्हीवर कुणीतरी विचारलं, “गुन्हा होणार हे आधी कळलं, तर तुम्ही स्वतः काय कराल?”

हिरो जरा थांबला. किती थांबायचं, तेही मॅडमनीच शिकवलेलं. मग म्हणाला, “कळूनही जो गप्प बसतो, तो अर्धा गुन्हेगार.”

टाळ्या टीव्हीतूनही ऐकू आल्या आणि भिंतीतूनही. मॅडमनी घाईघाईने रिमोट शोधून आवाज बंद केला. वाक्य त्यांनीच लिहून दिलं होतं.

“मॅडम, इथे तारीख चुकलीय.” काकांचं बोट कागदाच्या तळाशी थांबलं होतं. “चौदा मार्च. तीही मागच्या वर्षीची.”

मॅडमनी कागदासाठी हात पुढे केला. सगळं भरलं होतं, तारीख तेवढी जुनीच राहिली. “टायपिंगची चूक. द्या, बदलून आणते.”

काकांनी कागद सोडला नाही. “या सिनेमाच्या शूटिंगचा पहिला दिवस होता तो,” ते आठवत म्हणाले. “त्या दिवशी मी आलो होतो तुमच्याकडे. साहेब पिऊन किल्ली हिसकावतात, एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव जाईल, काहीतरी करा, म्हणून सांगायला. तुम्ही मान वर न करता ‘बघते’ म्हणालात.”

मॅडमना नजर उचलवेना. त्या दिवशी काका जिना उतरायच्या आत त्यांनी हाच जबाब टाइप करायला घेतला होता.

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन कागदासकट मॅडमच्या पुढ्यात ठेवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“वर्षभर मला वाटत होतं, मॅडम, तुम्ही माझं ऐकलंच नाही.”