परजेवरचा ससा

श्वासानं पात्याला गंज चढतो, म्हणून सासरे दातांत कागद धरून घराण्यातली जुनी कताना तलवार पुसत होते. अचानक ते ‘ऊं ऊं’ करत, मुठीपुढून काढून ठेवलेल्या परजेच्या लोखंडी चकतीकडे बोट दाखवू लागले.

“अहो, आधी तोंडातला कागद काढा,” सासूबाई म्हणाल्या.

परजेवर लाटांवरून उडी मारणारा एकटाच ससा कोरलेला होता. आज त्याच्यामागे पिल्लू होतं.

“बाबा, गुपचूप कोरून घेतलंत ना?” माझा नवरा शुंजी हसला.

मी भिंगातून पाहिलं. पिल्लावरचा गंजही सशाइतकाच जुना होता.

माझे आधीचे गर्भ टिकले नव्हते. हे बाळ अजून हललं नव्हतं. सासूबाईंनी लाडानं परज माझ्या तळहातावर ठेवली.

पोटात पहिली लाथ बसली.

“हललं,” मी म्हणाले. सगळे आनंदानं हसू लागले. त्यांना कुठं माहीत, तीच लाथ माझ्या तळहातावरच्या लोखंडातूनही बसली होती.