खुराड्याची तपासणी

"एका कोंबडीला चार चौरस फूट जागा हवीच," कारकून म्हणाला. "त्याहून कमी म्हणजे छळ."

बैठकीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. राहत्या वस्तीत, परसात कोंबड्या पाळायचे जुने नियम शहरानं तपासायला काढले होते आणि नवा मसुदा लिहायचं काम याच्याकडे आलं होतं. कचेरीत त्याला कलमबहाद्दर म्हणत. लोक जेवताना चटणी तोंडी लावतात, तसा हा बोलता बोलता कलम लावायचा.

"पाणी दिवसातून दोनदा बदलायचं," तो वाचत गेला. "वारा हवा, सावली हवी. आणि कोंबडी एकटी ठेवायची नाही. एकटी राहिली की खंगते."

"आणि अंडी द्यायची थांबली की?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"म्हणून हाकलून देता येणार नाही, साहेब. कलम सात."

मोठे साहेब मनातून हलले. "बरीच जाण आहे हो तुम्हाला!"

"आईच्या अकरा होत्या. अंडी विकून तिनं मला शिकवलं." सांगताना त्यानं डोळे पुसले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. असली माणसं रडतात तेव्हा खरंच रडतात.

"कशा आहेत आई?"

"ताईकडे असते. तिकडची हवा मानवते तिला."

मसुदा मंजूर झाला की हेडक्लार्कची खुर्ची त्याची, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. पण उठता उठता साहेबांनी मेख मारली.

"आधी चार-दोन घरं तपासून बघू. सुरुवात आपल्याच माणसांपासून. दिव्याखाली अंधार नको. तुमच्या परसाबद्दलही एक तक्रार आलीय म्हणे!"

साहेब हसले, म्हणून कारकूनही हसला. परसातलं बाहेर आलं तर खुर्ची तर जाईलच, पण तोंड दाखवायलाही जागा राहणार नाही, हे त्याला चांगलं कळत होतं.

तक्रार शेजारच्या शिंपीणबाईंची होती. संध्याकाळी त्या कुंपणाशी वाटच बघत होत्या.

"पहाटे चारला तुमचा पत्रा वाजतो. ठक ठक, ठक ठक. दिवसभर मशीन मारून मारून माझी पाठ जाते, आणि झोप म्हणून नाही."

"एकच आहे हो. म्हातारी झालीय," कारकून म्हणाला. "फार दिवस काढायची नाही."

"कधीपासून ऐकतेय मी हे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, भाऊ."

घरात बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तपासणीचं ऐकून तिचे हात थांबले.

"लांब कुठेतरी नेऊन सोडा ना."

"सोडली नव्हती का? बाजाराच्या पार पलीकडे. तिसऱ्या दिवशी फाटकाशी हजर."

"मग मला सांगू नका. घरात घाण चालायची नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

"तुला कोण काय म्हणतंय?"

"पाणी तरी कमी ठेवत जा. तेवढंच निस्तरायला कमी."

त्यानं शिळा पाव पाण्यात भिजवला आणि वाडगा घेऊन तो परसात गेला. खुराड्याची कडी काढली, वाडगा आत सरकवला आणि नाकात वास शिरायच्या आत कडी पुन्हा घातली. पाणी सकाळचंच होतं. ते बदलायचं राहून गेलं. आत खुडबुड झाली, तसा त्यानं पत्र्यावर हात आपटला.

"गप. उद्या आवाज नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी निरीक्षक आली. पोरगी नवीन होती, हातात फीत, काखेत फॉर्मांचा गठ्ठा. तिला नोकरीत कायम करायचा कागद कारकुनाच्याच टेबलावर दोन महिने पडून होता. त्यामुळे ती अदबीनं वागत होती, पण काम काटेकोर.

"सहा बाय चार," तिनं खुराडं बाहेरून मोजलं. "चोवीस फूट. सहा पक्षी नियमात बसतात, साहेब. काळजीचं काही नाही."

"मग झालं तर. उघडायला कशाला हवं?"

"पक्षी डोळ्यांनी बघून मोजायचे, असं कलम आहे ना. तुम्हीच घातलंय."

आपल्याच कलमाशी काय भांडणार? तो बाजूला झाला. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

पोरीनं कडी काढली, नाकाला रुमाल लावला आणि वाकली. मोजायला एवढा वेळ लागत नाही, इतका वेळ ती वाकूनच होती. तिच्या हातातलं पेन खाली पडलं.

कारकुनानं ते उचललं, सदऱ्याला पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

"रकाना पक्ष्यांचा आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "तेवढाच भरायचा. तुमचा कायम व्हायचा कागद उद्या सकाळीच पुढे पाठवतो."

तिनं फॉर्मकडे बघितलं. फॉर्मवर दुसरा रकाना खरोखरच नव्हता. 'पक्ष्यांची संख्या' याच्यापुढे तिनं शून्य लिहिलं. 'नियमभंग' याच्यापुढे 'नाही' लिहिलं. अक्षर नेटकं आलं.

"कडी घालू का, साहेब?" तिनं विचारलं.

"बाळा, जरा वेळ उघडं राहू दे ना रे," आतून त्याची आई म्हणाली. "मी घरात नाही येत."