मातीत न जगणारी वेल

समिती अकराला येणार होती. साडेदहा वाजले, तरी डॉ. राजशेखर बिराजदारांकडे मातीत जगलेली एकही वेल नव्हती.

बाटल्यांत चारशे होत्या. मंद्रूपच्या माळावरून नाहीशी होत चाललेली ही कंदाची वेल त्यांनी एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांतून वाढवली होती. तिच्यावर बत्तीस शोधनिबंध लिहिले. त्यांच्या जोरावर ते विभागप्रमुख झाले. वेल मात्र मातीत लावली की आठवड्यात मान टाकायची. आज एक तरी जगलेली दाखवता आली नाही, तर प्रकल्प बंद होणार होता. नुसत्या बाटल्याच भरायच्या होत्या तर लोणच्याचा कारखाना काढला असता, असं त्यांचं त्यांनाच वाटून गेलं.

निदान परिसर तरी नीट दिसावा म्हणून ते प्रयोगशाळेच्या मागे गेले. मोरीच्या पाण्यावर गवत माजलं होतं. कुंपणावर कसलंसं तण चढलं होतं. माळ्याचा पत्ता नव्हता. सरांनी बाह्या सरसावल्या आणि त्या तणाच्या चार वेली मुळासकट उपटल्या. पाचवीला हात घातला, तेवढ्यात प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी नागम्मा लगबगीने आली.

"सर, त्ये तण न्हाय. तुमचीच वेल हाय ती."

सरांनी हातातल्या मुळाकडे पाहिलं. मातीने माखलेला, लिंबाएवढा कंद. ही वेल ओळखायची कशी, यावर त्यांचाच एक शोधनिबंध होता. पण गेली बारा वर्षं त्यांनी ती पाहिली होती ती बाटलीत बोटभर, नाहीतर वाळवून कागदावर चिकटवलेली. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की हसूच आलं.

बुरशी लागलेल्या बाटल्या ते नागम्माला फेकून द्यायला सांगत. ते तिच्या जिवावर यायचं. तीन वर्षं ती त्यातली रोपं इथे आणून लावत होती, असं तिने खाली मान घालून सांगितलं. अजून सहा वेली उभ्या होत्या. एकीला तर शेंगा धरल्या होत्या. सर तिथेच चिखलात बसले आणि उपटलेल्या चारही वेली पुन्हा मातीत दाबू लागले.

"तीन वर्षं? मग मला सांगितलं का नाही?"

नागम्माने तांब्यातलं पाणी हळूच मुळांशी ओतलं.

"सांगितलं आसतं, तर तुमी तिला परत बाटलीत घातलं आसतं की."