रंभाने निवडलेली तबकडी

"आधी ऐक, मग बोल," असं म्हणत सोपानरावांनी भिमाजी कासाराला बाकड्यावर बसवलं आणि फोनोला चावी भरली. भिमाजी नुकताच महाळुंग्याची फेरी करून आला होता, बांगड्यांच्या माळा अजून त्याच्या खांद्यावरच होत्या. त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण सोपानरावांच्या सायकलीच्या दुकानात गाण्याआधी बोलायची कुणाची टाप नव्हती.

पिंपरीच्या बाजारात सायकलवाले आणखीही होते. अमेरिकेतली गाणी मात्र या एकाच दुकानात ऐकायला मिळत. घोड्यावरून गुरं हाकणाऱ्यांची, खाणीत राबणाऱ्यांची, तिकडच्या डोंगरातल्या खेडुतांची. पंक्चर काढायला आलेला माणूस "हे काय वाजतंय?" म्हणून थबकला, की सोपानराव हातातलं काम टाकून उठत. रेल्वेतला असेल तर त्याला इंजिनाच्या शिट्टीची तबकडी. कोकणातून कारखान्यात आलेला असेल तर ती संथ, गळा दाटून आलेली. नाक मुरडणाऱ्याला बेंजोची. स्वतःला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण शिफारस अशी करत, की गाणारा जणू यांचा मावसभाऊ. लोक हसत, आणि हसता हसता ऐकतही.

ही दौलत खरं तर रंभाची, त्यांच्या एकुलत्या लेकीची. नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या अमेरिकन साहेबाच्या घरी ती मूल सांभाळायची. इंग्रजी तिला तिथेच कळायला लागलं. मॅडमने तिला एकेका गाण्याची गोष्ट सांगितली होती आणि मायदेशी परतताना फोनो, तबकड्या सगळं तिच्याच हवाली केलं होतं. रंभा घरी येऊन त्या गोष्टी बापाला सांगू बघायची. सोपानराव म्हणायचे, गोष्ट राहू दे गं, ठेका बघ. मग ती चुलीपाशी आईजवळ जाऊन बसायची. लग्न झालं तेव्हा असली थेरं आमच्यात चालत नाहीत, असं व्याह्यांनी बजावलं आणि फोनो बापाकडेच राहिला. बापाला त्याचं वाईट वाटलं असं काही म्हणता यायचं नाही.

सासर महाळुंग्याचं, खातंपितं. पण नागपंचमीला त्यांनी रंभाला माहेरी धाडलं नाही. गौरीलाही नाही. एकदा जाऊन बघून या, म्हणून शालनबाईने, तिच्या आईने, नवऱ्याचे कान किटवले. सोपानराव मान हलवत. लेकीला मूल होईतो बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, बोलावल्यावाचून तिचा उंबरा चढायचा नाही. त्यांच्या बापाने हे पाळलं होतं, आज्याने पाळलं होतं. लेकीसाठी जीव तुटत होता, पण रीत मोडवत नव्हती. मग खबर यायची ती भिमाजीकडूनच.

मागच्या फेरीला त्याने आणलेल्या खबरीने सोपानरावांचा जीव भांड्यात पडला होता. बांगड्या भरताना सासू शेजारी ठाण मांडून बसलेली, त्यामुळे बोलणं असं झालंच नाही. बांगड्या मात्र मोठ्या मापाच्या लागल्या. सासरचं दूधतूप मानवलं म्हणायचं, असं म्हणून सोपानराव खूश झाले. वर निरोप काय, तर आबांना सांगा, कडेचा टवका उडालेली तबकडी तेवढी नीट ऐका. ज्या पोरीला गाणी आठवतात ती सुखातच असणार, हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यांनी भिमाजीबरोबर उलट निरोप धाडला, की आबा रोज तीच ऐकतात आणि साऱ्या पिंपरीला ऐकवतात.

ते खरंही होतं. त्या दिवसापासून दुकानात दुसरी तबकडी लागली नव्हती. बेंजो असा उड्या मारत चाले, की धट्टाकट्टा गडीही पाय आपटू लागे. माझ्या लेकीची निवड आहे, असं सोपानराव प्रत्येकाला अभिमानाने सांगत. आताही दोन फिटर ठेक्यावर टाळ्या देत होते. भिमाजी तेवढा मान खाली घालून बसला होता.

भिमाजीच्या मागच्या फेरीआधीच पुनावळ्याला भावजयीच्या बाळंतपणाला गेलेली शालनबाई त्याच वेळी गाठोडं घेऊन परतली. पुरुषांच्या घोळक्यात ती कधी पाऊल टाकत नसे. आज मात्र सरळ आत शिरली आणि तिने चालत्या तबकडीवरची सुई उचलली.

"ही कुणी लावायला सांगितली?" तिने विचारलं.

"रंभानं. महिना झाला निरोप धाडून," सोपानराव म्हणाले. "का गं?"

शालनबाईने गाठोडं खाली ठेवलं.

"ह्यातल्या पोरीला तिचा नवरा मारायला नदीवर नेतो. ती वाटभर बापाला हाका मारती. रंभानं सांगितलं व्हतं मला. तुमाला सांगाया आली, तवा तुमी ठेका ऐकत व्हता."

फिटरांचे हात जागच्या जागी थांबले. सोपानरावांनी उभ्या सायकलीचा आधार घेतला, तेव्हा कुठे त्यांना भिमाजीची आठवण झाली. तू काय सांगत होतास, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

भिमाजीने खांद्यावरच्या माळा उतरवून बाकड्यावर ठेवल्या.

"तुमचा निरोप दिला तिला, सोपानराव. तिनं सुजलेला हात मागं घेतला. म्हणली, आबा रोज ऐकत्यात आन् तरी आले न्हाईत, तर मग आता बांगड्या भरू नका, काका."