बादल चौकात थांबतो

"तो थांबला तर ओढू नका, ताई. आधी त्याला विचारा, का थांबला."

प्रशिक्षक सत्यमचं हे बोलणं मनस्विनीला आठवलं, कारण औरंगपुऱ्याच्या चौकात बादल आजही खांब झाला होता. डाव्या हातात त्याच्या पट्ट्याची मूठ, कानाशी रिक्षांचा गलका. पलीकडं शंभर पावलांवर तिची बँक.

"चल, बादल."

बादल हलला नाही.

"गाडी फिर बंद पडली व्हय, ताई?" चहावाला हसला. "धक्का मारू का?"

रोज शेवटी कुणीतरी दंड धरून दोघांना पलीकडं नेई. तेच संपावं म्हणून तर अंध मनस्विनीकडं बादल, हा वाट दाखवणारा कुत्रा, आला होता. उद्या सत्यम बघायला येणार होता. जोडी जमली नाही, तर तो बादलला परत नेणार होता.

आईनं, सरोजिनीबाईंनी, दत्तापुढं नवस बोलला होता. मनू एकटी बँकेत पोचेपर्यंत पायात चपला घालणार नाही. तेव्हापासून त्या घरात कधी येत, कधी जात, मनस्विनीला चाहूलही लागत नसे.

आज तिनं खरंच विचारलं. वाकून बादलच्या पाठीवर हात ठेवला. अंग थरथरत नव्हतं. मान मात्र मागं वळलेली होती, आणि शेपटी तिच्या गुडघ्यावर फटाफट आपटत होती. अशी शेपटी तो घरीच हलवायचा, आपलं माणूस दिसलं की.

वाऱ्यावर कापराचा वास आला, आरतीनंतर आईच्या पदराला यायचा तसा.

मनस्विनी मागं न वळता म्हणाली, "आई, खडे टोचत नाहीत का गं?"

चहावाला खुदकन हसला. "काकू रोज येतात, ताई. मला शपथ घातलीय त्यांनी."

"तू पडशील म्हणून गं, मनू," आईचा आवाज अगदी जवळून आला. "त्यात हा रोज असा अडतो. बघून धसकाच बसतो."

"तुझ्यासाठी अडतो तो. घरातलं माणूस मागं टाकून कसा जाईल?"

सरोजिनीबाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "म्हणजे माझा नवस मीच अडवून धरला होता! उद्यापासून नाही येणार. दत्ताला सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी सत्यम चौकात वाट बघत होता. घराच्या फाटकाशीच बादल थबकला. त्यानं मान वळवली. मनस्विनीनं कान दिला.

मागं पायरीवर काहीतरी झटकल्याचा आवाज आला. मग चपला वाजू लागल्या. कितीतरी दिवसांनी. त्या तिच्या मागं आल्या नाहीत. गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडं, दत्तमंदिराच्या वाटेनं, लांब लांब जात राहिल्या.

मनू अजून बँकेत पोचली नव्हती. आई मात्र नवस फेडायला निघाली होती.