तपकिरी शेला

"तुला विचारल्याशिवाय मी कुठंही जाणार नाही."

नवऱ्याचा, को थौंगचा हा आवाज एकतीस वर्षांपूर्वीचा. यिनशी नवं लग्न झालेलं, समोर इरावती नदीचा धक्का. यिनचे बाबा त्याच धक्क्यावरून लाकडाच्या तराफ्यावर चढले होते, घरी न सांगता, आणि परतले नव्हते. तेव्हापासून कुणाला यायला उशीर झाला, की यिनच्या छातीत पाखरू फडफडायचं.

यंदा पाखरू फारच वेडंपिसं झालं. मग नवऱ्यानंच तिला ध्यानाला बसवलं.

"पोट वर आलं की मनात म्हण, वर. खाली गेलं की, खाली. बाकी काही करायचं नाही."

"आणि मोहिंग्याचा रस्सा उतू गेला तर?"

"उतू गेला म्हण, आणि उठून चूल बारीक कर."

ती हसली. तो गंभीरपणे "हसू, हसू" पुटपुटला, म्हणून आणखी हसली.

रोज पहाटे दोघं चटईवर शेजारी शेजारी बसत. पहिले आठ दिवस तिला पायाच्या मुंग्यांखेरीज काही कळलं नाही. मग हळूहळू कांदा चिरताना नुसता कांदा दिसू लागला, पाणी भरताना नुसतं पाणी ऐकू येऊ लागलं.

"आज मी तासभर उशिरा येतो," एकदा तो म्हणाला. "तू भीती, भीती म्हणत बस. तेवढाच सराव."

तासाचे दोन तास झाले, दोनाची दुपार झाली. ती बसून राहिली.

शेजारची च्वे मावशी लोणच्यासारखा मुरवलेला चहापाला चघळत म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं मला आयुष्यभर एकच शिकवलं, गप्प बस. तुझा बघ, शेजारी बसून शिकवतो. नशीब एकेकीचं."

यिनलाही तसंच वाटत होतं. साखर वाढली म्हणून बिचाऱ्यानं संध्याकाळचं जेवण सोडलं होतं, तरी तिच्यासाठी पहाटे उठायचा. पाण्याचा पंप कसा चालवायचा, तेही त्यानं तिला शिकवलं.

एकदा पेटीत गालाला उगाळून लावायचं थानाखाचं खोड शोधताना तपकिरी कापडाची घडी हाताला लागली. ध्यानकेंद्रात बायका खांद्यावर असाच शेला घेतात. म्हणजे तो तिला केंद्रात नेणार तर. घडी होती तशी ठेवून ती दिवसभर गुणगुणत राहिली.

पुढं तो दोन दिवस आलाच नाही. पौर्णिमेच्या सकाळी आला, तेव्हा ती चटईवर बसली होती.

"छाती?" त्यानं विचारलं.

"शांत. दोन्ही दिवस पोटभर जेवले. झोपलेसुद्धा."

त्याचे डोळे भरले. आत जाऊन त्यानं ती घडी आणली. शेला खांद्यावर पडेल म्हणून यिननं मान जरा वाकवली, केसातलं फूल सावरलं.

कापड उलगडत गेलं. चटईभर झालं, उंबरठ्यापर्यंत पोचलं. आत आणखी दोन तशीच कापडं होती.

तिनं वर पाहिलं. पोट वर आलं आणि तिथंच थांबलं.

"बायकोनं हो म्हटल्याशिवाय विहारात कुणाला भिक्षूचं हे तीन कापडांचं चीवर देत नाहीत, यिन. मला कायमचं जायचंय." तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "तुला विचारल्याशिवाय जाणार नाही म्हणालो होतो. दोन वर्षांपासून विचारायचं होतं. तुझी छाती तयार नव्हती."